चढावर साखर का वाढते? व्यायाम, संप्रेरके आणि यकृत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय सेहेचाळीस, मधुमेह नाही, साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनची तयारी सुरू आहे आणि कुतूहल म्हणून आपण दोन आठवडे दंडाला सतत साखर मोजणारा सेन्सर लावला होता. पहाटे काहीही न खाता यवतेश्वरचा घाट जोर लावून चढताना साखर ९२ वरून १४८ वर गेली. रविवारी मात्र, तशाच रिकाम्या पोटी, सपाट रस्त्यावर सव्वादोन तास सावकाश पळाल्यावर ती ७४ पर्यंत उतरली. काही खाल्लेच नव्हते तर वाढलेली साखर आली कोठून, ही ‘हार्मोन्सची गडबड’ समजायची का, आणि सोनोग्राफीत पहिल्या श्रेणीचे फॅटी लिव्हर निघाले आहे त्याचा याच्याशी काही संबंध आहे का, असे आपण विचारले आहे.

दोन्ही आकडे निरोगी शरीराचे आहेत, हे आधी सांगतो. कारण १४८ पाहून आपण घाबरलात आणि आठवडाभर पळणे बंद ठेवलेत, त्याची गरज नव्हती. वाढलेली साखर यकृतातून आली. यकृताने ती किती सोडायची हे संप्रेरके (हार्मोन्स) ठरवतात, इतके उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते, आणि ते चुकीचे नाही. पण अपुरे आहे. कोणते संप्रेरक रक्तात किती फिरेल आणि किती वेळ टिकेल, हे बऱ्याच अंशी यकृत ठरवते. शिवाय काही संप्रेरके ते स्वतः तयार करून रक्तात सोडते. आपल्या दोन आकड्यांमधला फरक या दुहेरी नात्यातूनच समजतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हिशेबापासून सुरुवात करू. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या रक्तात एका वेळी जेमतेम चार ते पाच ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे चहात घालतो त्या साखरेचा एक चमचा. स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या, म्हणजे एकमेकांना जोडून साठवलेल्या ग्लुकोजच्या रूपात ३०० ते ५०० ग्रॅमचा साठा असतो, पण तो ज्या स्नायूत आहे त्याच स्नायूला वापरता येतो. त्यातून मोकळे ग्लुकोज करून रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) स्नायूत नसते, यकृतात असते. यकृताचा स्वतःचा साठा पोटभर जेवणानंतर सुमारे १०० ग्रॅम भरतो आणि रात्रभराच्या उपवासाने सकाळपर्यंत बराच उतरलेला असतो. यकृत साखर तयार करून रक्तात सोडते हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८४८ साली दाखवले आणि १८५७ मध्ये त्यांनी यकृतातून ग्लायकोजेन वेगळे काढले. त्याआधी शरीरातली साखर केवळ अन्नातूनच येते असा समज होता, आणि आपल्या प्रश्नातले ‘काही खाल्लेच नव्हते’ हे आश्चर्यही त्याच जातीचे आहे.

स्वस्थ बसलेले असताना यकृत दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे २ मिलिग्रॅम ग्लुकोज सोडते, म्हणजे सत्तर किलो वजनाला तासाला आठ-साडेआठ ग्रॅम. मध्यम वेगाने पळताना हे प्रमाण दुप्पट-तिप्पट होते आणि अतिशय जोराच्या श्रमात सात-आठ पटींपर्यंत जाऊ शकते. स्नायूंनी उचल वाढवली आणि यकृत मात्र बसल्या वेळच्याच गतीने देत राहिले, तर रक्तातले ते चमचाभर ग्लुकोज फार वेळ पुरणार नाही आणि मेंदूची उपासमार होईल. प्रत्यक्षात तासभर पळूनही निरोगी माणसाची साखर दहा-पंधरा अंकांपेक्षा फारशी हलत नाही, इतका हा पुरवठा मागणीशी जुळवून घेतो.

ही जुळवाजुळव कशी होते हे समजण्यासाठी रक्तवाहिन्यांची मांडणी पाहावी लागते. स्वादुपिंडातून निघालेले, साखर उतरवणारे इन्सुलिन आणि यकृताला साखर सोडायला लावणारे ग्लुकागॉन थेट साऱ्या शरीरात जात नाहीत. आतड्याचे आणि स्वादुपिंडाचे रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात येते, तेथून हृदयाकडे जाते, आणि मगच ते दंडापर्यंत किंवा मांडीपर्यंत पोहोचते. त्यामुळे या दोन संप्रेरकांची सर्वांत मोठी मात्रा यकृताला मिळते. इन्सुलिनच्या बाबतीत तर यकृत पहिल्याच फेरीत जवळजवळ निम्मा भाग उचलून नष्ट करते आणि उरलेला पुढे जाऊ देते. इन्सुलिनबरोबर सारख्याच प्रमाणात सुटणारे सी-पेप्टाइड यकृत असे काढून घेत नाही. म्हणूनच स्वादुपिंड नेमके किती इन्सुलिन तयार करत आहे हे पाहायचे असेल तेव्हा आम्ही सी-पेप्टाइड मोजतो. हाताच्या शिरेतून घेतलेल्या रक्ताचा इन्सुलिनचा अहवाल वाचताना हे लक्षात ठेवावे लागते: तो आकडा यकृताने आपला वाटा काढून घेतल्यानंतरचा असतो.

व्यायाम सुरू झाला की अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे श्रमाच्या आणि ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारे चेतातंतू, स्वादुपिंडाला इन्सुलिन आवरण्याचा संदेश देते. इन्सुलिन उतरते, ग्लुकागॉन चढते, आणि यकृतावरची इन्सुलिनची पकड सैल झाल्यामुळे तेवढ्याच ग्लुकागॉनचा परिणाम अधिक होऊ लागतो. अमेरिकेत नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड वॉसरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की मध्यम व्यायामात यकृताचे जे ग्लुकोज-उत्पादन वाढते त्यातला अर्ध्याहून बराच मोठा वाटा ग्लुकागॉनच्या वाढीचा असतो. त्याच प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली, जी मला फार मोलाची वाटते. पोर्टल शिरेतले ग्लुकागॉन जितके वाढते, तितकी वाढ इतर ठिकाणच्या रक्तात दिसत नाही. पूर्वी माणसांच्या दंडातले रक्त तपासून, ‘मध्यम व्यायामात ग्लुकागॉन फारसे बदलत नाही, म्हणजे त्याचे काम नसावे’ असा निष्कर्ष काढला जात असे. खरी घडामोड पोर्टल शिरेत चालू होती आणि मोजमाप मात्र दुसरीकडे होत होते.

आपल्या रविवारच्या पळण्यात हेच घडले. सावकाश गतीत इन्सुलिन हळूहळू उतरते, ग्लुकागॉन हळूहळू चढते आणि यकृत स्नायूंच्या मागणीइतकेच ग्लुकोज देत राहते. पहिला तास-दीड तास भार प्रामुख्याने ग्लायकोजेनवर असतो. तो साठा उतरू लागला की यकृत इतर कच्च्या मालातून नवे ग्लुकोज घडवण्यावर अधिकाधिक अवलंबून राहते. हा कच्चा माल म्हणजे स्नायूंतून येणारे लॅक्टेट आणि अलॅनिन हे अमिनो आम्ल, आणि मेदपेशींतून येणारे ग्लिसरॉल. लॅक्टेट यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होऊन स्नायूंकडे परततो, या चक्राला कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याचे नाव आहे. त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक ग्लायकोजेनच्या चयापचयावरील कामासाठी मिळाले. कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक आणि वृद्धी संप्रेरक हे दोघे याच लांबलेल्या टप्प्यात कामाला येतात, पण त्यांचा परिणाम सावकाश होतो. स्नायूंतून सुटणारे इंटरल्यूकिन-६ हे संदेशवाहक प्रथिनही यकृताला अधिक ग्लुकोज सोडायला सांगते, असे माणसांवरील प्रयोगांत दिसले आहे. एवढे करूनही नवनिर्मितीचा वेग ग्लायकोजेन फोडण्याच्या वेगाची पूर्ण भरपाई करू शकत नाही, त्यामुळे दोन तासांनंतर, आणि तेही रिकाम्या पोटी निघालेले असताना, साखर ७४ पर्यंत उतरणे अपेक्षितच आहे.

याच उताराची टोकाची अवस्था १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी शर्यत संपल्यावर धावपटूंचे रक्त तपासून नोंदवली होती. जे पूर्ण गळून गेले होते, गोंधळलेले दिसत होते, त्यांची साखर फार खाली गेलेली होती. पुढच्या वर्षी त्याच डॉक्टरांनी धावपटूंना आधी भरपूर पिष्टमय अन्न आणि वाटेत साखरेच्या गोळ्या दिल्या, तेव्हा ती अवस्था टळली.

घाटाची गोष्ट वेगळी आहे. आपण आपल्या कमाल क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या वर जाऊन चढ पळता तेव्हा मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून आणि अनुकंपी चेतातंतूंतून ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन विश्रांतीच्या दहा-पंधरा पट सुटू शकते. अशा श्रमात यकृतातून ग्लुकोजचा लोंढा येतो आणि तो स्नायूंच्या उचलीच्या पुढे निघून जातो. मध्यम व्यायामात पुरवठा मागणीच्या मागोमाग चालतो. येथे तो मागणीची वाट न पाहता सुरू होतो, म्हणून साखर वाढते. आपण घाटमाथ्यावर थांबलात तेव्हा स्नायूंची मागणी एकदम कमी झाली, पण यकृत लगेच आवरत नाही. शिवाय सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. म्हणून आपला सर्वांत मोठा आकडा पळताना नव्हे, थांबल्यानंतर दहा मिनिटांनी आला. त्यानंतर ॲड्रेनॅलिन झपाट्याने उतरते, इन्सुलिनवरचा दाब उठतो, ते काही काळ नेहमीपेक्षा वर जाते आणि साखर तासाभरात पूर्वपदावर येते. आपल्या आलेखात ती पन्नास मिनिटांत ९८ वर आली आहे. इन्सुलिन वेळेवर आणि पुरेसे आले, याचा यापेक्षा चांगला पुरावा मागायला नको.

आता या नात्याच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. यकृत हे संप्रेरके नष्ट करणारे शरीरातले एक प्रमुख ठिकाण आहे, आणि व्यायामात त्याच्याकडे जाणारे रक्त कमी होते. विश्रांतीत यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. जोराच्या व्यायामात हृदय कितीतरी अधिक रक्त फेकत असले तरी ते स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळवले जाते आणि यकृताचा प्रवाह निम्म्याखाली, कधी त्याहूनही बराच खाली जातो. रक्तच कमी आले की संप्रेरकांची सफाईही मंदावते. अल्डोस्टेरॉन हे याचे स्वच्छ उदाहरण आहे. मीठ आणि पाणी राखून ठेवणारे हे संप्रेरक यकृत एका फेरीत जवळजवळ पूर्ण काढून टाकते, म्हणून त्याची सफाई यकृतात किती रक्त येते यावरच अवलंबून असते. घामाने भिजलेल्या शरीराला मीठ वाचवायचे असते तेव्हा निर्मितीही वाढते आणि सफाईही घटते, अशा दोन्ही मार्गांनी त्याची पातळी चढते. व्यायामात टेस्टोस्टेरॉनची पातळी वाढते, तिच्यातही निर्मितीइतकाच, काही वेळा त्याहून अधिक, वाटा या मंदावलेल्या सफाईचा असतो. व्यायामशाळेतून परस्पर प्रयोगशाळेत जाऊन रक्त देणारे आणि मग तो अहवाल अभिमानाने किंवा काळजीने घेऊन येणारे तरुण माझ्याकडे नियमित येतात. त्या आकड्यावरून वृषणांच्या कार्याबद्दल कोणताही निर्णय घेऊ नये. सकाळी, विश्रांतीनंतर, पुन्हा तपासावे.

लैंगिक संप्रेरके, कॉर्टिसॉल आणि थायरॉइड संप्रेरके रक्तात बहुतांशी प्रथिनांना चिकटून फिरतात, आणि ही वाहक प्रथिनेही यकृतातच तयार होतात. थायरॉइड ग्रंथीतून मुख्यतः टी-४ बाहेर पडते. त्याचे अधिक प्रभावी टी-३ मध्ये रूपांतर करण्याच्या कामातही यकृताचा वाटा आहे. ही प्रथिने आणि हे रूपांतर एका पळण्यात बदलत नाहीत. महिनोन्महिने खाण्यापेक्षा खर्च जास्त असेल तर मात्र बदलतात, आणि त्याविषयी पुढे लिहितो.

यकृत आपल्या साठ्याची खबर मेंदूला देते का, हा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो. मॉन्ट्रियल येथील झां-मार्क लाव्हुआ यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगांत यकृताकडून मेंदूकडे जाणारे चेतातंतू कापले, तेव्हा व्यायामात ग्लुकागॉनसारख्या संप्रेरकांची अपेक्षित वाढ मंदावली. पोर्टल शिरेत साखर ओळखणारे संवेदक आहेत आणि साखर हळूहळू घसरते तेव्हा ते उपयोगी पडतात, असेही प्राण्यांवरील कामातून दिसले आहे. म्हणजे, रक्तातली साखर घसरण्याआधीच, केवळ यकृताचा साठा उतरत असल्याच्या खबरेवरून, संप्रेरकांचा प्रतिसाद तीव्र होत असावा. माणसात हे कितपत लागू आहे याविषयी मी सावध राहतो. यकृत-प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तींच्या नव्या यकृताचे चेतातंतू तुटलेले असतात. तरीही व्यायामात त्यांचे यकृत जवळजवळ नेहमीसारखे ग्लुकोज सोडते. म्हणून माणसात संप्रेरकांच्या मार्गाने होणारे नियंत्रण प्रधान आणि चेतातंतूंचे पूरक, असे माझे आजचे मत आहे.

यकृत स्वतः जी संप्रेरके सोडते त्यांच्याबद्दलची माहिती मुख्यतः गेल्या दोन दशकांतली आहे. जुने आणि परिचित उदाहरण आयजीएफ-१ या वाढीला चालना देणाऱ्या संप्रेरकाचे: मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून वृद्धी संप्रेरक येते आणि यकृत त्याच्या आदेशावरून आयजीएफ-१ तयार करते. पण हा आदेश यकृत दर वेळी सारखाच पाळत नाही. साठा उतरलेला आणि इन्सुलिन कमी असेल तर ते आयजीएफबीपी-१ नावाचे, आयजीएफ-१ ला धरून ठेवणारे प्रथिन अधिक सोडते, आणि लांबलेल्या व्यायामानंतर हे प्रथिन वाढलेले आढळते. अर्थ सरळ आहे: इंधन नसताना वाढीचे काम थांबवायचे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांच्या यकृतात जाणाऱ्या आणि तेथून बाहेर येणाऱ्या रक्ताची तुलना करून दाखवले की एफजीएफ-२१ आणि फॉलिस्टॅटिन ही दोन प्रथिने व्यायामाच्या संदर्भात यकृतातूनच सुटतात, आणि त्यांना सोडवते ते ग्लुकागॉन आणि इन्सुलिन यांचे बदललेले प्रमाण. फॉलिस्टॅटिनची वाढ व्यायाम संपल्यानंतर, पुढच्या काही तासांत दिसते. स्नायूंची वाढ रोखणाऱ्या मायोस्टॅटिनला ते अडवते. घाट चढून घरी येऊन आपण आंघोळ करून कामाला लागलेले असता, तेव्हा यकृताचा स्नायूंना संदेश पाठवणे चालूच असते.

सराव मुरला की हे सगळे चित्र मवाळ होते. त्याच वेगाला ॲड्रेनॅलिन आणि ग्लुकागॉन कमी सुटतात, स्नायू मेद अधिक जाळतात आणि यकृताला कमी ग्लुकोज सोडावे लागते. नवख्यांमध्ये हा बदल दहा दिवसांच्या नियमित व्यायामानेही मोजता आला आहे. तोच घाट त्याच वेळेत चढाल तर तीन महिन्यांनी १४८ ऐवजी बहुधा कमी आकडा दिसेल.

फॅटी लिव्हरबद्दल मात्र मी आपल्याला निश्चिंत राहा असे सांगणार नाही. मेद साठलेले यकृत इन्सुलिनचा ग्लुकोज थांबवण्याचा आदेश नीट ऐकत नाही, आणि इन्सुलिन नष्ट करण्याचे कामही मंदपणे करते. त्यामुळे रक्तात इन्सुलिन दिवसभर चढे राहते. लैंगिक संप्रेरकांना वाहून नेणारे प्रथिन अशा यकृतातून कमी तयार होते, म्हणून या माणसांचा एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडाही अनेकदा कमी दिसतो आणि विनाकारण इंजेक्शने सुरू होतात. याच्या उलट दिलासा असा, की वजन फारसे उतरले नाही तरी नियमित व्यायामाने यकृतातला मेद कमी होतो. आपल्या आलेखातली साखर पन्नास मिनिटांत खाली येणे हे चांगले लक्षण आहे, पण त्यावरून यकृत निरोगी ठरत नाही. उपाशीपोटी ग्लुकोज आणि इन्सुलिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, ट्रायग्लिसराइड आणि कमरेचा घेर, एवढे पाहून घ्यावे.

वजन उतरवण्यासाठी रोज रिकाम्या पोटी पळणे आणि दिवसभर कमी खाणे हा मार्ग आपण धरला आहे, तो आठवड्यातून एक-दोन सोप्या दिवसांपुरताच ठेवा. सतत तुटीत राहिलेल्या शरीरात वृद्धी संप्रेरक चढे राहते पण यकृत आयजीएफ-१ देत नाही, टी-३ उतरते, आणि मग दुखापती भरून येत नाहीत, स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होते. नव्वद मिनिटांपेक्षा लांब पळायचे असेल त्या दिवशी निघण्यापूर्वी एखादे केळे आणि वाटेत थोडी चिक्की किंवा साखर-मीठ-लिंबाचे पाणी घ्या. बाहेरून ग्लुकोज मिळाले की यकृताचा साठा वाचतो आणि कॉर्टिसॉलही कमी चढते. लांब पळून आल्यावर गूळ किंवा साखर इतर पिष्टमय अन्नाबरोबर घेतली तर यकृताचा साठा अधिक वेगाने भरतो, कारण त्यातला निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि तो मुख्यतः यकृतच उचलते. हीच गोष्ट बसून राहण्याच्या दिवशी फॅटी लिव्हरला मारक ठरते, तेव्हा गूळ लांब पळण्याच्या दिवसापुरताच ठेवावा.

आपल्या गटातले एक जण इन्सुलिन घेतात असे आपण लिहिले आहे, म्हणून त्यांच्यासाठी दोन वाक्ये. टोचलेले इन्सुलिन पोर्टल शिरेतून येत नाही आणि पळायला लागल्यावर आपोआप कमीही होत नाही, त्यामुळे यकृताचा हात बांधलेला राहतो आणि साखर धोकादायक रीतीने उतरू शकते, कधी त्याच रात्री झोपेत. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांचाही असाच धोका असतो, आणि पळून आल्यावर मद्य घेतले तर यकृताची ग्लुकोज घडवण्याची क्षमताच दबते. त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवल्याशिवाय लांब पळू नये, आणि खिशात ग्लुकोज ठेवावे.

शेवटी आपल्या एसजीओटी ८८ आणि एसजीपीटी ६१ या यकृताच्या तपासणीच्या अहवालाबद्दल. ते रक्त आपण घाट पळाल्याच्या दुसऱ्या दिवशी दिले होते. ही दोन्ही विकरे स्नायूंतही असतात, आणि सवय नसलेल्या जोराच्या व्यायामानंतर ती आठवडाभरसुद्धा वाढलेली राहू शकतात. एसजीओटी अधिक वाढलेले असणे त्याकडेच बोट दाखवते. सात दिवस जोराचा व्यायाम न करता, फक्त चालून, दोन्ही तपासण्या पुन्हा करा आणि सोबत सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारे विकर) व जीजीटी (यकृताच्या तपासणीतले आणखी एक विकर) करून घ्या. जीजीटी स्नायूंतून येत नाही, त्यामुळे वाढ यकृताची की मांड्यांची, हे त्या चार आकड्यांवरून बरेचसे स्पष्ट होईल.